यादीत नाव नव्हतं त्यांचं काय?

समजा, लोअर परळच्या एका कचेरीत अकरा जणांचा हिशेब विभाग आहे. सोमवारी सकाळी एकेकाला एचआरच्या खोलीत बोलावणं येतं. दुपारपर्यंत चौघं जण ओळखपत्र जमा करतात, पाण्याची बाटली आणि टेबलावरचा गणपती पिशवीत भरतात आणि निघून जातात. संध्याकाळी साहेब उरलेल्या सातांना सांगतात, "तुम्ही सेफ आहात." त्या सातांमधली एक बाई चर्नी रोडला उतरते, गिरगावातल्या चाळीचा जिना चढते आणि घरी सांगते, "माझं नाव नव्हतं." आई देवापुढे साखर ठेवते. त्या रात्री बाईला झोप लागत नाही, दुसऱ्या रात्रीही नाही.

ज्याची नोकरी गेली त्याला झोप लागली नाही तर कारण सगळ्यांना कळतं. हिची तर राहिली. मग हिला काय झालं? पुढच्या वर्षभरात तिच्या मनात आणि शरीरात काय काय घडू शकतं, ते कशामुळे घडतं आणि कशानं कमी होतं, हे इथे सावकाश सांगायचं आहे.

ही कचेरी कदाचित एखाद्या जुन्या गिरणीच्या जमिनीवर उभी असेल. फिनिक्स, कमला, मोरारजी ही नावं आज मॉलची, हॉटेलांची आणि टॉवरांची म्हणून ओळखीची असली तरी मुळात ती गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठेक गिरण्यांमधले जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र हळूहळू पुन्हा सुरू झाल्या, त्या कमी माणसांवर. हजारो कामगारांना परत घेतलं गेलं नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारनं मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं. पुढची वीस वर्षं एकेक खातं बंद होत गेलं, स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरले जात राहिले आणि भोंगे थांबत गेले.

बाहेर राहिलेल्यांबद्दल लिहिलं गेलं, आणि ते लिहिलं जाणं आवश्यकच होतं. जयंत पवारांचं 'अधांतर' रंगभूमीवर आलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवला. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली, आणि बाहेर पडलेल्या कामगाराला एक नाव, एक मोर्चा आणि घराची एक मागणी मिळाली. पण ज्यांना आत घेतलं, जे पुढची पाच-दहा वर्षं अर्ध्या रिकाम्या खात्यात पाळी करत राहिले, त्यांच्या मनःस्थितीला वेगळं नावही मिळालं नाही. पगार चालू होता, म्हणून त्यांचं सगळं ठीकच असणार असं धरलं गेलं. आजच्या कचेऱ्यांमध्येही हेच धरलं जातं, आणि चूक इथूनच सुरू होते.

पहिल्या दिवशी मनात दोन भावना एकदम येतात. एक सुटकेची आणि दुसरी तिच्या पाठोपाठ येणारी, त्या सुटकेची लाज वाटायला लावणारी. 'मी वाचले' म्हणताना 'ती गेली' हे आपोआप म्हटलं जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांमधून जिवंत सुटलेल्यांवर उपचार करताना विल्यम नीडरलँड या मनोविकारतज्ज्ञानं १९६० च्या दशकात या अपराधभावनेचं वर्णन केलं. वाचलेल्यांना आपण वाचलो याचाच सल होता. त्या यातनांची कचेरीतल्या प्रसंगाशी बरोबरी होऊ शकत नाही. पण मन तोच निरुत्तर करणारा प्रश्न विचारतं: माझ्याऐवजी तिला का काढलं? पुढे नोकरकपातीनंतर मागे राहिलेल्यांच्या अभ्यासातही नीडरलँडचीच ही कल्पना वापरात आली.

गिरणगावात हा सल बोचरा होता, कारण तिथे काम आणि घर यांत अंतरच नव्हतं. परळ-लालबागच्या चाळीत आत घेतलेला आणि बाहेर राहिलेला एकाच गॅलरीत राहत होते. पाण्याचा नळ एक, संडासाची रांग एक, बहुतेकदा गावही एकच, आणि गावकी मंडळाचा गाळाही एकच. संप चालू असताना जे आधी गेटातून आत गेले त्यांना फुटीर म्हटलं गेलं. नंतर रीतसर बोलावणं येऊन गेलेल्यांनाही शेजारच्या खोलीसमोरून डबा घेऊन जावं लागेच. पगाराच्या दिवशी घरात मटण शिजवायचं तर वास गॅलरीभर जाणार. आजच्या कचेरीतला माणूस काढून टाकलेल्या सहकाऱ्याचा फोन उचलायचं टाळू शकतो. चाळीत ती सोय नव्हती. हे एका अर्थानं क्रूर होतं, पण त्यात एक बरी गोष्टही होती. तिच्याकडे नंतर येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अपराधभावनेची जागा हिशेब घेतो. हे चार जण कोणत्या नियमानं निवडले? अमेरिकेतले जोएल ब्रॉकनर यांनी १९८० च्या दशकापासून मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांवर अनेक अभ्यास केले. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. गेलेल्यांना कसं वागवलं गेलं, यावरून राहिलेले स्वतःची किंमत ठरवतात. गेलेली व्यक्ती जवळची असेल आणि तिच्यावर अन्याय झाला असं वाटत असेल, तर राहिलेल्याचं कामातलं मन सगळ्यात जास्त उडतं. म्हणजे एचआरच्या बंद खोलीत चौघांशी कोणत्या शब्दांत बोललं गेलं, ते बाहेरच्या सातांना बारकाईनं ठाऊक होतं, आणि त्यावरून ते स्वतःचं भविष्य वाचतात.

आपल्याकडच्या जुन्या कामगार कायद्यात याचा एक साधा विचार होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीसाठी सर्वसाधारण नियम असा होता की शेवटी आलेला आधी जाईल, आणि तो मोडायचा असेल तर मालकानं कारण नोंदवावं. नव्यानं लागलेल्यावर तो कठोर होता. पण तो सगळ्यांना आधीपासून माहीत असे. माणूस बोटांवर मोजू शकत असे की माझ्यामागे किती जण आहेत. 'परफॉर्मन्स' या एका शब्दात ही मोजणीच संपते. गेल्या वर्षी शाबासकी मिळालेली बाई या वर्षी यादीत निघते, आणि मग उरलेल्या सातांना कळेनासं होतं की नेमकं काय केलं म्हणजे आपण टिकू. कष्टानं टिकता येतं यावरचा विश्वास उडाला की माणूस एकतर रात्री दहापर्यंत कचेरीत बसू लागतो, नाहीतर आतून सोडून देतो.

मग येतो कामाचा बोजा. माणसं गेली तरी त्यांचं काम मागेच राहतं. हेही परळला नवीन नाही. १९२८ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत हेच होतं: दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराला तीन माग द्यायचे, सूतकताईत एकाऐवजी दोन बाजू बघायला लावायच्या आणि माणसं कमी करायची. मालकाच्या कागदावर ते कार्यक्षमतेचं गणित होतं. साचाखात्यातल्या माणसाला मात्र एका मागाचा धागा जोडताना दुसऱ्या दोन मागांवर डोळा ठेवायचा होता, आणि दोष निघाला तर जबाबदार तोच.

ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती या विणकराला तंतोतंत लागू पडते. नुसत्या जास्त कामानं माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी, किती करायचं यावर स्वतःचा ताबा कमी, अशी जोडी जमली की तो खचतो. सुगीत शेतकरीही राबतो, पण कोणता वाफा आधी हे तो स्वतः ठरवतो. नोकरकपात एकाच वेळी दोन्हीकडून मारते. बोजा वाढतो, आणि 'आत्ता नको म्हणायची वेळ नाही' या भीतीनं ताबा सुटतो. आपल्या हिशेब विभागातल्या बाईकडे गेलेल्या मैत्रिणीची तीन खाती आली. पासवर्ड मिळाले, पण कोणता पुरवठादार कशावरून अडतो आणि कोणाला आधी फोन करावा लागतो, ते त्या मैत्रिणीबरोबर गेलं.

याचं मुंबईतलं अलीकडचं मोठं उदाहरण महानगर टेलिफोन निगमचं, म्हणजे एमटीएनएलचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती खुली झाली, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. दिल्ली आणि मुंबई मिळून एमटीएनएलच्या १४ हजारांहून अधिक जणांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला ते एकाच दिवशी निवृत्त झाले. मागे उरले सुमारे साडेचार हजार. चारांतले तीन गेले. दादरला वीर सावरकर मार्गावरच्या टेलिफोन हाऊसमध्ये, एक्स्चेंजांमध्ये आणि तक्रारींच्या खिडक्यांवर १ फेब्रुवारीला कामाला कोण उरलं याचा विचार करून पाहा. शिवाय गेले ते वयानं मोठे. जमिनीखालच्या केबलचं काम असं असतं की कोणत्या फुटपाथखाली कोणता सांधा आहे हे नकाशापेक्षा जुन्या माणसाच्या डोक्यात जास्त पक्कं असतं. ते डोकंच निवृत्त झालं, आणि ग्राहकाची शिवी झेलायला चाळिशीतला माणूस उभा राहिला. इथे गेलेल्यांना पैसे मिळाले, हार-तुरे झाले. राहिलेल्यांपैकी अनेकांना वयामुळे निवडच करता आली नव्हती. 'आपण वाचलो' याऐवजी 'आपण अडकलो' असंही मागे राहिलेल्याला वाटू शकतं, आणि त्याचा ताण पहिल्यापेक्षा कमी नसतो.

आता शरीराकडे वळू. संकट समोर आलं की मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते. धावत्या लोकलमधून तोल जाता जाता दांडा पकडला, तर हे सगळं थोड्या वेळात घडून शांत होतं. शरीर त्यासाठीच बनलेलं आहे. पुढची यादी कधी लागेल हे माहीत नसताना मात्र तो इशारा बंदच होत नाही. कॉर्टिसोल एरवी सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. ताण महिनोन्महिने टिकला की ही लय बिघडू शकते. मग माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि दुपारी तीनला टेबलावर पेंगतो. चिडचिड वाढते, जेवण बिघडतं, बंद केलेली सिगारेट परत सुरू होते. एचआरचा मेल आला की छातीत धडधडतं, तो मेल होळीच्या सुट्टीचा असला तरी.

फिनलंडमधला एक अभ्यास मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९१ ते १९९३ मध्ये तिथे तीव्र मंदी आली आणि नगरपालिकांनी मोठी नोकरकपात केली. युस्सी वाहतेरा, मिका किविमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा शहरांमधल्या, नोकरी शाबूत राहिलेल्या २२,४३० कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा आणि मृत्यू यांचा सुमारे साडेसात वर्षं माग ठेवला. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे १८ टक्क्यांहून जास्त माणसं कमी झाली होती, तिथे मागे राहिलेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू, कपात न झालेल्या ठिकाणांच्या दुप्पट होते. पहिल्या चार वर्षांत तर पाचपट. असे मृत्यू एकूण संख्येनं थोडे होते, त्यामुळे हे आकडे घाबरून वाचू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. एमटीएनएलमधली कपात १८ टक्क्यांच्या चौपट होती, हेही इथे लक्षात ठेवावं.

त्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि गिरणगावच्या माणसाला तो लगेच कळेल. मोठ्या कपातीनंतर कायम कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या, तात्पुरत्यांच्या वाढल्या नाहीत. तात्पुरते लोक जास्त धडधाकट होते, असा याचा सरळ अर्थ लावणं मला धोक्याचं वाटतं. गिरणीतला बदली कामगार आठवा. तो रोज पाळीच्या वेळी गेटावर उभा राहायचा, कोणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. त्याला ताप असला तरी तो जायचा, कारण आज नाव घेतलं नाही तर उद्या विसरतील. आजचा कंत्राटी कर्मचारी तेच करतो. म्हणून रजांच्या नोंदी कोऱ्या दिसल्या म्हणून साहेबांनी निश्चिंत होऊ नये. माणसं आजारी असूनही येत असतील.

हे सगळं बोलून दाखवायला मात्र जागा नसते. 'नोकरी आहे ना? मग रडतोस कशाला?' हे वाक्य घरचे प्रेमानंच म्हणतात. ज्याची नोकरी गेली त्याच्यापुढे बोलणं अपमानाचं वाटतं, साहेबापुढे बोलणं धोक्याचं. शोकाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात समाजाची मान्यता नसलेल्या दुःखाची कल्पना मांडली: जे जाहीर करता येत नाही, ज्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही, असं दुःख. रोज एका डब्यातून भाजी खाणारी मैत्रीण एका दुपारी नाहीशी होते, तिची खुर्ची दुसऱ्याच दिवशी हलवली जाते आणि तिचं नाव घ्यायचं नाही असं न बोलता ठरतं. याला शोक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

यातलं बरंच टाळता येतं, असं मी ठामपणे म्हणेन. कपात करावीच लागली तर एकदा करावी. दर तिमाहीला थोडी थोडी करणं हा मागे राहिलेल्यांचा सर्वांत मोठा छळ आहे, कारण त्यात शरीराचा तो इशारा कधी बंदच होत नाही. निवडीचा नियम उघड सांगावा. गेलेल्यांना निरोप देऊ द्यावा, निदान एक चहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अकरा जणांच्या कामातलं कोणतं काम यापुढे केलंच जाणार नाही, हे साहेबांनी लेखी सांगावं. हे फार थोडे जण करतात. ज्या साहेबाला ही यादी बनवावी लागली, त्याचीही विचारपूस व्हायला हवी. तोही मागेच राहिलेला असतो.

मागे राहिलेल्याच्या हातात काय आहे? चाळीतल्या ज्या बऱ्या गोष्टीचा उल्लेख केला, ती इथे उपयोगी पडते. चाळीत टाळता येत नव्हतं, म्हणून कधी ना कधी बोलणं व्हायचं. नळावर, अंत्ययात्रेत, गणपतीच्या वर्गणीच्या वेळी. तेव्हा गेलेल्या सहकाऱ्याला पहिल्या आठवड्यातच फोन करा. काय बोलावं हे सुचणार नाही, तरी करा. बहुतेकदा तिकडून राग येत नाही, आणि आपल्या मनातला आरोप निम्म्यानं कमी होतो. अंगावर आलेल्या कामांची यादी करून वरिष्ठांना विचारा की यातली पहिली तीन कोणती. त्यामुळे थोडा तरी ताबा परत येतो. कचेरीत विश्वासाची दोन-तीन माणसं धरा. हक्काची रजा घ्या.

आणि एक मर्यादा ओळखा. मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं हे जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. छातीत दुखत असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका, आधी हृदयाची तपासणी करून घ्या. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. परळच्या केईएम आणि मुंबई सेंट्रलच्या नायर या महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये मनोविकार विभाग आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा कचेरीच्या विम्याची कागदपत्रं काढून बघा.

तुमच्या घरात, चाळीत किंवा शेजारच्या टेबलावर असा कोणी मागे राहिलेला असेल, तर 'नशीबवान आहेस' म्हणण्याआधी त्याला झोप लागते का ते विचारा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. क्रमांक आहे १४४१६.